दोन सालांमधली रेघ

संग्रहालयातल्या त्या दालनात उजेड मुद्दामच कमी ठेवलेला होता. मध्यभागी एका बुटक्या लाकडी चौथऱ्यावर १९१० च्या रशियन नमुन्याची मॅक्झिम मशीनगन मांडली होती. दोन लहान लोखंडी चाके, पुढे ढालीसारखा पोलादी पत्रा आणि त्या पत्र्यातून बाहेर आलेली, अंगावर पन्हळी असलेली जाड नळी. ही जाड नळी म्हणजे पाण्याचे वेष्टन. गोळी जिच्यातून सुटते ती खरी नळी त्याच्या पोटात असते. सात-आठ वर्षांच्या एका मुलाने दोरीखालून हात घातला आणि त्या पन्हळींवर आपला तळवा सपाट टेकवला. "गार आहे," तो म्हणाला, आणि मग लगेच, "बाबा, ही अजून उडते का?" वडिलांनी त्याचा हात हलकेच मागे घेतला आणि चौथऱ्यावरच्या कार्डाकडे बोट दाखवले. "नाही रे. हे बघ, लिहिलंय इथे. संपलं हिचं काम." कार्डावर नाव, वजन, काडतुसाचे माप अशा ओळी होत्या, आणि सर्वांत खाली लिहिले होते: सेवाकाल १९१०–१९४५. मीही ती ओळ वाचली. मुलाइतकाच मीही निश्चिंत झालो आणि पुढच्या दालनात गेलो.

नऊ दिवसांनी रात्री फोनवर बातम्या चाळताना एक छायाचित्र समोर आले. युक्रेनमधला एक खंदक, भिंतीला लाकडी फळ्यांचा आधार, खाली चिखल. आणि त्या चिखलात तीच पन्हळीदार नळी, तोच पत्रा, तीच दोन लहान चाके. मागे पंचविशीतला एक सैनिक दोन्ही मुठी आवळून बसला होता. यंत्राच्या डोक्यावर नव्या काळातली एक दुर्बीण पट्टी ठोकून बसवलेली होती आणि शेजारी प्लॅस्टिकची पाण्याची बाटली आडवी पडली होती. मी छायाचित्र बोटांनी मोठे केले. पन्हळींच्या कडांवरचा रंग उडून आतले लोखंड चकाकत होते, वापरातल्या वस्तूचे चकाकते तसे. त्या क्षणी मला सैनिकाची, चिखलाची किंवा युद्धाची आठवण आधी झाली नाही. आधी आठवला तो त्या मुलाचा तळवा, आणि मग दोन सालांमधली ती बारीक रेघ. त्या रेघेवर आम्ही तिघांनीही किती सहज विश्वास ठेवला होता.

चूक संग्रहालयाची म्हणावी, तर तसेही वाटेना. कार्ड लिहिणाऱ्याने बहुधा एका युद्धाचा शेवट म्हणजे शस्त्राचाही शेवट असे धरले असेल, आणि आपण सगळेच तसे धरून चालतो. युद्ध संपले की तलवार म्यान होते असे आपली भाषा म्हणते. पण म्यान असते कशासाठी, याकडे लक्ष जात नाही. पात्याला दमट हवा लागू नये, धार बोथट होऊ नये, पुन्हा उपसता यावी, यासाठी म्यान असते.

त्या रात्री मी बराच वेळ या यंत्राविषयी वाचत बसलो. आधी मनात आले ते कौतुक होते, हे इथे लिहून ठेवायला हवे. हायरम मॅक्झिमने १८८४ च्या सुमारास ज्या कल्पनेला आकार दिला ती इतकी नेटकी आहे की यंत्राची आवड असलेल्या कोणाचाही जीव तिच्यात रमावा. बंदूक उडाली की मागे धक्का बसतो. तोवर तो धक्का नेमबाजाच्या खांद्याने निमूटपणे सोसायचा असे. मॅक्झिमने त्यालाच कामाला लावले. एका गोळीचा धक्का रिकामे काडतूस बाहेर फेकतो, स्प्रिंग ताणतो, पट्ट्यातले पुढचे काडतूस ओढून आणतो आणि पुन्हा उडवतो. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या. नळी तापून लाल होऊ नये म्हणून तिच्याभोवती जवळपास ४ लिटर पाणी. ते पाणी उकळू लागले की वाफ बाहेर पडते, आणि पाणी भरत राहिले तर यंत्र तासन्‌तास थकत नाही. चाके आणि ढालीसकट त्याचे वजन साठ किलोंच्या वर जाते. धावणाऱ्या सैनिकाला हे वजन शाप आहे. पण एका जागी रोवून बसलेल्याला तेच वरदान ठरते, कारण जड यंत्र थरथरत नाही. खंदकाची लढाई परत आली आणि या यंत्राचे सगळे जुने दोष पुन्हा गुण झाले. दोन-दोन यंत्रे शेजारी जोडून त्यांनी आकाशातले ड्रोन पाडायचा प्रयत्नही होतो आहे. मॅक्झिमने आपल्या यंत्राचा पहिला नमुना उडवला, तेव्हा विमानाचाही जन्म झालेला नव्हता.

आणि मग त्या कौतुकाचा घास घशात अडकला. पहिल्या महायुद्धात १ जुलै १९१६ या एका दिवसात फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या रणभूमीवर ब्रिटिश सैन्याचे १९,००० हून अधिक जवान मारले गेले. त्या दिवशी समोरच्या खंदकांतून धडधडणाऱ्या जर्मन मशीनगन मॅक्झिमच्याच आराखड्यावर बेतलेल्या होत्या. नेटकेपणा तोच, तीच स्प्रिंग, तेच उकळते पाणी. यंत्राचे कौतुक एका कप्प्यात आणि माणसांचा आकडा दुसऱ्या कप्प्यात ठेवण्याचा मी प्रयत्न करून पाहिला. जमले नाही.

शस्त्रे इतकी का जगतात, याचे एक कारण मला छायाचित्रातल्या पट्ट्यात दिसले. ही मशीनगन जे काडतूस खाते ते १८९१ साली रशियन सैन्यात आले, आणि ते आजही तयार होते, कारण नंतरच्या कितीतरी मशीनगन आणि दूरवर नेम धरायच्या रायफली त्याच काडतुसावर चालतात. म्हणजे शस्त्राचे आयुष्य त्याच्या पोलादावर तितकेसे अवलंबून नसते. कारखान्यातून काडतूस निघत राहते तोवर कोठारातली जुनी नळी मेलेली नसते, ती फक्त उपाशी असते. काडतूस बदलणे म्हणजे कारखाने, गोदामे, प्रशिक्षण, शेजारच्या दोस्त सैन्याशी असलेला मेळ असे सगळेच बदलणे. तो उपद्व्याप कोणी सहजासहजी अंगावर घेत नाही.

माझे वडील एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्याकडे एक चपटी पत्र्याची पेटी होती, तिच्यात मापे तपासायची गेज तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेली असत. कागद उलगडला की एक वास यायचा, किंचित गोडसर, वंगणाचा आणि थंड लोखंडाचा. घासल्या गेलेल्या भागावरून ते आधी बोटाचे टोक फिरवत, मग गेज लावत, आणि बहुतेक वेळा बोटाने आधीच सांगितलेले असे. वाचता वाचता मला या पेटीची फार आठवण आली, कारण मी एका विशिष्ट मशीनगनच्या हकिकतीपाशी येऊन थांबलो होतो. जॉन ब्राउनिंग याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जिच्यावर काम सुरू केले, ती अर्ध्या इंचाच्या गोळीची जड मशीनगन एम-२ या नावाने आजही जगभरच्या सैन्यांत आहे. ब्राउनिंग स्वतः १९२६ साली वारला. एम-२ हे नाव तिला मिळाले ते त्यानंतर, १९३३ मध्ये. तिच्या जागी हलकी, नवी मशीनगन आणण्याचे प्रयत्न झाले आणि बाजूला ठेवले गेले. तर २०१५ साली अमेरिकेत ॲनिस्टन इथल्या लष्करी दुरुस्ती केंद्रात या जातीची एक मशीनगन आली, जिच्यावर अनुक्रमांक होता ३२४. म्हणजे या घराण्यातली तीनशे चोविसावी. नव्वदहून अधिक वर्षे ती सेवेत होती आणि तेवढ्या काळात एकदाही पूर्ण दुरुस्तीला आलेली नव्हती. तिथल्या कारागिरांनी गेज लावून पाहिले तेव्हा तिचा मुख्य साचा, म्हणजे बाकीचे भाग ज्यात बसतात तो सांगाडा, तिच्याहून कितीतरी तरुण असलेल्या मशीनगनांपेक्षा सरस भरला.

या हकिकतीत मला तो साचा जितका दिसला त्याहून अधिक दिसले ते हात. नव्वद वर्षे म्हणजे किती जणांची पाळी झाली असेल. प्रत्येकाने तिचे झाकण उघडले असेल, नळीतून चिंधी ओढली असेल, काजळी पुसली असेल, तेलाचा पातळ थर देऊन ती पुढच्याच्या हवाली केली असेल. त्यांतले बरेच आता हयात नसणार. त्यांच्यापैकी कोणाला तिने वाचवले असेल, आणि तिच्यासमोर कोण आले असेल, याची कुठे नोंद नाही, अनुक्रमांकाची आहे. माझ्या वडिलांनी त्या साच्यावरून बोट फिरवले असते आणि मान डोलावली असती, हे मी खात्रीने सांगू शकतो. त्यानंतर ते काय बोलले असते, किंवा बोलले असते की नाही, हे मात्र मला सांगता येत नाही, आणि तेवढ्यापाशी मी अजून अडलेलो आहे.

'सेवेत असणे' हा शब्दप्रयोग तेव्हापासून मला खुपू लागला. आपल्या भाषेत सेवा म्हणजे झिजणे. आजाऱ्याची सेवा, देवाची सेवा. शस्त्र सेवेत आहे असे आपण म्हणतो, पण पुसण्याचे, वंगणाचे, जपण्याचे सारे काम माणसे करत असतात. कोण कोणाच्या सेवेत आहे?

अमेरिकेच्या बी-५२ या बॉम्बर विमानाबाबत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. त्याचे पहिले उड्डाण १५ एप्रिल १९५२ चे. शेवटचे विमान कारखान्यातून हवाई दलाकडे गेले ते १९६२ च्या ऑक्टोबरात. म्हणजे आज उडणाऱ्यांतले सर्वांत धाकटे विमानही साठी ओलांडलेले आहे, आणि ते चालवणारा वैमानिक त्याच्यापुढे पोरसवदा ठरतो. आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्यांनी हेच विमान चालवल्याचे दाखले आहेत. एकूण ७४४ बांधली गेली होती. आता पाऊणशेच्या आसपास उरली आहेत. जमिनीवर उभे असताना या विमानाच्या पोटाच्या बाजूला पत्र्यावर सुरकुत्या दिसतात. खोडसाळ छायाचित्र असावे असे मला पहिल्यांदा वाटले होते, पण त्या खऱ्या असतात. लांबलचक धडाचे वजन चाकांवर येते तेव्हा पातळ पत्रा दबतो, आणि विमान हवेत उचलले गेले, भार पंखांवर गेला, की त्या सुरकुत्या जवळपास मिटतात. म्हातारपण फक्त जमिनीवर दिसते, असे हे एकच यंत्र माझ्या पाहण्यात आहे.

हे विमान बांधले गेले अतिउंचावरून अणुबॉम्ब टाकण्यासाठी, आणि ते काम त्याला युद्धात सुदैवाने कधी करावे लागले नाही. मग जमिनीवरून मारा करणारी क्षेपणास्त्रे आली तेव्हा त्याला डोंगरदऱ्यांमधून खालून उडायला शिकवले गेले. व्हिएतनाममध्ये त्याने साध्या बॉम्बचे ढीग ओतले. पुढे ते दुरूनच सोडायच्या क्रूझ क्षेपणास्त्रांचे वाहक झाले. ज्या शत्रूसाठी ते जन्माला आले तो सोव्हिएत संघ १९९१ साली नकाशावरून गेला, तरी ते उडत राहिले. त्याच्या नंतर जन्मलेली बी-१ आणि बी-२ ही विमाने त्याच्या आधी निवृत्त व्हायची आहेत. त्याची आठ जुनी इंजिने आता उतरवली जाणार आहेत आणि त्या जागी रोल्स-रॉइसची नवी एफ-१३० इंजिने बसणार आहेत. त्यांच्यासह ते २०५० च्या दशकापर्यंत चालावे असा बेत आहे. तो पार पडला तर एका लढाऊ विमानाची शंभरी भरेल. ॲरिझोनाच्या वाळवंटात हवाई दलाची जुनी विमाने ठेवण्याचे एक मोठे मैदान आहे, हवा कोरडी असल्याने तिथे गंज सावकाश चढतो. २००८ मध्ये एक बी-५२ तिथे नेऊन ठेवले होते. २०१५ साली ते तिथून उठून पुन्हा उडाले, आणि २०१९ मध्ये आणखी एक. कार्डावर दुसरे साल लिहून झाल्यावर पुसावे लागले, असे हे दोन प्रसंग.

तरीही, या सगळ्या वाचनात ज्या एका घटनेने माझी झोप उडवली ती विमानाची नाही. २ मे १९८२ रोजी दक्षिण अटलांटिक समुद्रात, फॉकलंड बेटांच्या युद्धात, 'जनरल बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची क्रूझर जातीची युद्धनौका ब्रिटिश पाणबुडीने बुडवली. ३२३ माणसे गेली. ही नौका आधी अमेरिकेची होती, तेव्हा तिचे नाव 'फिनिक्स'. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर जपानी विमाने तुटून पडली तेव्हा ती तिथेच उभी होती आणि बिनजखमी सुटली. दुसरे महायुद्ध तिने पार केले, १९५१ साली ती विकली गेली, नाव बदलले, झेंडा बदलला, भाषा बदलली. पर्ल हार्बरनंतर चार दशकांनी तिच्यावर जिने नेम धरला ती 'काँकरर' ही पाणबुडी अणुशक्तीवर चालणारी, आधुनिक. तिच्यापाशी तारेने दिशा देता येणारे नवे टॉर्पेडो होते. पण कमांडरने ते वापरले नाहीत. नव्यांचा भरवसा नव्हता आणि जुन्यांत स्फोटक अधिक होते, म्हणून त्याने मार्क ८ हे सरळ रेषेत धावणारे टॉर्पेडो निवडले, ज्यांचा आराखडा १९२० च्या दशकातला होता. तीन सोडले, दोन लागले. म्हणजे एका जुन्या शस्त्राने दुसऱ्या जुन्या शस्त्राला समुद्राच्या तळाशी नेले. दोन्ही घडवणाऱ्या कारागिरांच्या मनात त्या बेटांचा विचारही कधी आला नसेल. त्यांनी ज्या भांडणासाठी पोलाद कापले ते भांडण मिटून, त्यातले शत्रू मित्र होऊन, कितीतरी वर्षे लोटली होती. तळाशी गेलेली माणसे मात्र तरुण होती. बरीचशी तर नौकेच्या निम्म्या वयाचीही नव्हती.

याहून जुना दाखला हवा तर ऑटोमन साम्राज्यातल्या त्या प्रचंड काशाच्या तोफेचा आहे, जी मुनीर अली नावाच्या कारागिराने १४६४ साली ओतली. नळी आणि दारूची कोठी असे तिचे दोन तुकडे असून ते आट्यांनी एकमेकांत बसतात. एकूण वजन साडेसोळा टनांच्या वर. १८०७ मध्ये ब्रिटिश आरमार डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीत शिरले तेव्हा याच जातीच्या तोफांनी त्यांच्यावर दगडी गोळे झाडले, आणि त्यांनी नौकांवर माणसे मारली. मधे साडेतीनशे वर्षांच्या आसपास काळ. १८६६ साली सुलतानाने तिला राणी व्हिक्टोरियाला भेट म्हणून पाठवले. जिच्या घराण्याने ब्रिटिश खलाशी मारले ती तोफ आता इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळच्या फोर्ट नेल्सनमध्ये पाहायला मिळते.

आणि काही शस्त्रांना तर निवृत्त करायलाच कोणी उरलेले नाही. बेल्जियममध्ये आणि फ्रान्सच्या उत्तरेला शेतकऱ्यांच्या नांगराला पहिल्या महायुद्धातले तोफगोळे अजूनही दरवर्षी लागतात. शेताच्या बांधावर ते काढून ठेवतात आणि लष्कराचे पथक येऊन उचलून नेते. वरचे लोखंड पापुद्र्यांनी सुटलेले असते, आतली दारू शाबूत असते. २०१४ च्या मार्चमध्ये, त्या युद्धाला शंभरावे वर्ष लागत असताना, ईपर गावातल्या एका बांधकामावर असा गोळा फुटला आणि दोन कामगार ठार झाले. अशा गोळ्यांना कोणी तेल घातले नव्हते, कोणी पुसले नव्हते. इथे माझे हातांचे सगळे चिंतन उघडे पडते, हे मला मान्य आहे. शस्त्र जगवायला जपणूक लागतेच असे नाही. कधी कधी नुसता विसरही पुरतो.

महिनाभराने मी पुन्हा त्या संग्रहालयात गेलो. कार्डावरच्या सालाविषयी कोणाशी तरी बोलावे असे मनात होते. सकाळची वेळ होती, दालन रिकामे होते, आणि दोरीच्या आत एक वयस्कर कर्मचारी गुडघ्यावर बसून मॅक्झिमच्या पन्हळी पुसत होते. एकेका पन्हळीतून फडके वरपासून खालपर्यंत ओढायचे, फडक्याची घडी बदलायची, पुढची पन्हळ. तोच वास आला. वडिलांच्या पेटीचा. मी तसाच उभा राहिलो. त्यांनी वर पाहिले, मी नुसता पाहतो आहे हे ओळखले आणि काहीशा अभिमानाने मागचे झाकण उघडून दाखवले. आत एक चौकोनी पोकळी होती, स्वच्छ, तेलाने चमकणारी.

"इथला भाग काढून ठेवलाय," ते म्हणाले. "लॉक म्हणतात त्याला. तो नसला की ही उडत नाही. नियमच आहे तसा."

"मग तो टाकून दिला का?"

"छे, टाकतात का? आत कपाटात आहे, तेलकट कागदात बांधून. सहा महिन्यांनी तोही काढतो, पुसतो, परत ठेवतो."

"कशासाठी?" मी विचारले.

त्यांना माझा प्रश्न नीट कळला नसावा. त्यांनी झाकण लावले, फडक्याची कोरडी बाजू वर घेतली आणि पुढच्या पन्हळीवर ठेवत म्हणाले, "अहो, गंज चढेल ना."